वृद्धाश्रमाच्या कुलपाची किल्ली रात्री कुणाकडे असते?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शिवारात गोठ्याला लागून रचलेली कडब्याची गंजी पेटली. वरच्या तारांची ठिणगी पडली की कुणी विडी टाकली, ते शेवटपर्यंत कळले नाही. तालुक्याला फोन गेला. बंब निघाला, फाट्यावर चुकला, ओढ्याच्या पुलावर अडला आणि गोठ्याशी पोचला तेव्हा तास उलटून गेला होता. बंबावरच्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. नगरपालिकेचा एक बंब आणि त्याच्यावर सारा तालुका. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण आपल्या लोकांनी काही उगाच केलेली नाही.

गंजी गेली, गोठ्याचे छप्पर गेले, पण पाचही जनावरे वाचली. कशामुळे? तर धन्याच्या थोरल्या मुलाने पाण्याची बादली उचललीच नाही. त्याने विळा उचलला आणि सटासट दावी कापली. ज्यांच्या गोठ्याला कधी आग लागली आहे त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. बांधलेले जनावर आधी सोडायचे, मग पाण्याचे बघायचे.

हे आज आठवायला कारण झाले ते एका वृद्धाश्रमाचे. शाळेत आम्हाला शिकवणाऱ्या बाई दोन वर्षांपासून तिथे राहतात. मुलगा परदेशात, मुलगी पुण्यात, घरात जिना चढवत नाही, म्हणून त्यांनी स्वतःच हा निर्णय घेतला. थंडीच्या दिवसांत भेटायला गेलो, बोलता बोलता रात्रीचे नऊ वाजले. निघताना पाहतो तर खालच्या चॅनल गेटला भले मोठे कुलूप. मावशींनी कंबरेची किल्ली काढली, मला बाहेर सोडले आणि पुन्हा कुलूप ठोकले. आत बावीस म्हातारी माणसे. रात्री त्यांच्यापाशी एकट्या मावशी, त्याही मागच्या बाजूला स्वयंपाकघराशेजारी झोपतात.

मी सहज विचारले, "मावशी, रात्री काही झालं तर?"

"काय हुतंय? आन् झालंच तर मी उघडते की."

"आणि तुम्हीच धुरानं बेशुद्ध पडलात तर?"

मावशी हसल्या. मग हसायच्या थांबल्या.

दुसऱ्या दिवशी उजेडात पुन्हा गेलो आणि इमारत नीट पाहिली. मूळचा एका बागायतदाराचा बंगला. खाली पुरुष, वर बायका. जिना एकच, तोही अरुंद, आणि त्याच्या खाली गॅसची तीन सिलिंडरे उभी. खिडक्यांना चोरांच्या भीतीने जाड गज. मागे पत्र्याचा लांब हॉल, उन्हाळ्यात तापतो म्हणून वरून प्लास्टिकच्या पट्ट्यांचे छत मारलेले. आग विझवायचे लाल नळकांडे होते, नव्हते असे नाही. कपाटाच्या मागे टांगलेले होते आणि त्याच्या काट्याने हिरवा पट्टा कधीच सोडला होता. बाईंची खाट वरच्या मजल्यावर, जिन्यापासून सगळ्यात लांब, कारण तिथे हवा चांगली येते. बाईंचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत.

तिथले व्यवस्थापक वाईट गृहस्थ नाहीत, हे आधीच सांगतो. घरचे घालून ते ही संस्था चालवतात. कुलूप का, असे विचारल्यावर म्हणाले, "साहेब, एका आजोबांना विसरायचा आजार आहे. दोनदा रात्री उठून हायवेपर्यंत चालत गेले. ट्रकखाली आले असते तर तुम्हीच पेपरात छापले असते." त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण एका आजोबांसाठी बावीस जणांना रात्रभर दाव्याला बांधून ठेवायचे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

दाव्याला बांधणे हा शब्द मी मुद्दाम वापरला. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे तमिळनाडूतल्या रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी या गावी मनोरुग्णांच्या एका खासगी आश्रमाला आग लागली. झावळ्यांचे छप्पर होते. रुग्ण पळून जाऊ नयेत म्हणून त्यांना साखळदंडांनी बांधून ठेवले होते. २८ माणसे गेली. सर्वोच्च न्यायालयाने आपणहून त्या प्रकरणाची दखल घेतली. आग लावणारा कुणी नव्हता, बांधणारे मात्र होते, आणि तेही 'त्यांच्याच भल्यासाठी' बांधत होते.

आता तुम्ही म्हणाल, हे शहराचे दुखणे ग्रामीण पानावर कशाला? अहो, हे दुखणे आता आपल्याच शिवारात राहायला आले आहे. शहरात जागा परवडत नाही, म्हणून वृद्धाश्रम हायवेच्या कडेला, गावाबाहेरच्या एकर-दोन एकरांत उभे राहतात. कुठे रिकामे पडलेले वसतिगृह, कुठे न चाललेले मंगल कार्यालय, कुठे वाटणीत अडकलेला वाडा. आणि आत राहणारेही आता शहरचेच असतात असे नाही. धाकटा मुंबईला, थोरला वेगळा निघालेला, जमीन खंडाने दिलेली, असे शेतकरी आईबाप तिथे दिसू लागले आहेत. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी केंद्राने २००७ साली कायदा केला. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निराधार वृद्धांसाठी किमान १५० जणांच्या सोयीचा एक तरी वृद्धाश्रम राज्य सरकारने टप्प्याटप्प्याने उभा करावा, असे म्हटले आहे. म्हणजे ही घरे वाढणार. वाढावीत. पण ती कशी असावीत हे कुणी बघायचे?

कागदावर व्यवस्था आहे. आपल्या देशाच्या नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये, त्याच्या २०१६ च्या आवृत्तीतही, आगीचा स्वतंत्र भाग आहे. त्यात वृद्धाश्रम साध्या घरांत धरलेला नाही. रुग्णालये, अनाथालये, तुरुंग यांच्याबरोबर तो 'संस्थात्मक' गटात घातला आहे, कारण एकच. आतला माणूस स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या मर्जीने बाहेर पडेलच असे नाही. त्याच कोडात बाहेर पडण्याचे दार किमान एक मीटर रुंद असावे आणि ते आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे, असेही लिहिले आहे. किल्लीशिवाय! हा एक शब्द आपल्याकडच्या निम्म्या वृद्धाश्रमांनी वाचला तर पुष्कळ काम होईल.

शिवाय महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आहे. तो जबाबदारी सरळ इमारतीच्या मालकावर आणि ती वापरणाऱ्यावर टाकतो. यंत्रणा परवानाधारक एजन्सीकडून बसवून घ्यायची आणि ती चालू स्थितीत आहे असे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे. शहरात ज्याला 'फॉर्म बी' म्हणतात तो हाच. आता खरे बोलूया. तालुक्याच्या गावात निदान अग्निशमन विभागाचा एखादा माणूस असतो. आडगावात हे कागद बघायला कोण येते? आणि कागद असला म्हणजे सारे झाले असेही नाही. प्रमाणपत्र फाइलीत, फाइल कपाटात आणि कपाटाची किल्ली ट्रस्टींकडे जिल्ह्याच्या गावी. रात्री दोन वाजता त्या कागदाने काही उघडत नाही.

रात्री दोन म्हणालो ते सहज नव्हे. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली ती मध्यरात्रीनंतर. सतरा बाळांपैकी सात वाचवता आली, दहा गेली. त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या रुग्णालयातली आग पहाटेची, गेलेले सारे अतिदक्षता विभागातले रुग्ण. १ जानेवारी २०२३ ला दिल्लीत ग्रेटर कैलाशमधल्या वृद्धांच्या देखभाल केंद्रात दोन वृद्ध महिला गेल्या, तीही पहाटच. एरवाडी पहाट. दिवसा ठिणगी उडाली तर दहा डोळे बघतात. रात्री बघणारे कुणी नसते, आणि जे आहेत त्यांना उठून चालता येत नाही. बाळ असो की ऐंशीची आजी, त्या वेळेला दोघांची गत एक.

आगीत माणूस जळून मरतो अशी आपली समजूत असते. बहुतेक वेळा तो आधी धुराने जातो. गादीचा फोम, प्लास्टिकची खुर्ची, पडदे हे पेटले की निघणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेला माणूस झोपेतच बेशुद्ध होतो. आपल्या वाडवडिलांच्या कापसाच्या गाद्या धुमसत राहायच्या, वास घरभर पसरायचा, कुणीतरी जागे व्हायचे. फोमची गादी तेवढा अवधी देत नाही. आजच्या सामानाने भरलेली खोली पेट घेतल्यापासून तीन ते पाच मिनिटांत सगळीच्या सगळी भडकू शकते. या हिशेबात बंब बसवून बघा. चाळीस मिनिटांनी आला तरी तो लवकर आला असे आपण म्हणू. म्हणून वृद्धाश्रमाची खरी परीक्षा बंब यायच्या आधीच्या पाच मिनिटांची असते, आणि ती द्यायची असते मावशींना.

पेटते कशाने, तेही बघा. थंडीत पाणी तापवायची कांडी बादलीत घालून विसरणे. एका सॉकेटला तीन एक्स्टेन्शन, त्यावर हीटर. खाटेखाली मच्छर अगरबत्ती आणि वरून लोंबणारी चादर. उशाशी देवाची तसबीर, तिच्यापुढे निरंजन. आजोबांची लपवून ओढलेली विडी. आता काही ठिकाणी ऑक्सिजनचे यंत्र आले आहे. त्याच्या आसपास विडी, निरंजन, काडी काही चालत नाही, साधी ठिणगी तिथे भडका होते. आजीचा दिवा बंद करा असे मी म्हणणार नाही. उतारवयात देवच सोबतीला असतो. पण दिवा खाटेजवळ नको. देवघर खाली ओसरीत, सिमेंटच्या कट्ट्यावर, आणि झोपण्यापूर्वी विझवलेला.

त्या पत्र्याच्या हॉलबद्दल एक सांगितले पाहिजे. २५ मे २०१५ रोजी चीनच्या हनान प्रांतातल्या लुशान या ग्रामीण भागात वृद्धाश्रमाला आग लागून ३९ जण गेले. त्या इमारतीच्या भिंती म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले तावदान होते. कोल्ड स्टोरेज बांधलेल्या द्राक्षवाल्यांना हे पॅनेल ठाऊक आहे. स्वस्त, हलके, आठ दिवसांत खोली उभी. द्राक्षाच्या पेट्या ठेवायला ते ठीक. पण न चालणाऱ्या माणसांना झोपवायला तसली भिंत किंवा थर्माकोल-प्लास्टिकचे छत वापरू नका. उन्हाळ्यात पत्रा तापतोच, तर वरून चुना मारा, कडबा-पाचट नको, वेल चढवा, पण आतून जळणारे छत लावू नका.

आता सर्वांत वादाचा मुद्दा, खर्च. संस्थाचालक म्हणतात, "एवढे सगळे नियम लावलेत तर आम्ही बंद करू. मग या म्हाताऱ्यांना एस.टी. स्टँडवर झोपवा." हे ऐकून अधिकारी गप्प बसतात, आणि खरे सांगायचे तर मीही थोडा वेळ गप्प बसलो होतो. दानावर चालणाऱ्या बारा-पंधरा माणसांच्या घराला मोठ्या इस्पितळाची यंत्रणा झेपणार नाही, हे उघड आहे.

या प्रश्नाशी आपल्यासारखेच एक खेडे झगडले आहे, पार कॅनडात. क्वेबेक प्रांतातले लिल-वेर्त, जेमतेम दीड हजार वस्तीचे. तिथल्या वृद्धांच्या निवासाला २३ जानेवारी २०१४ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली. कडाक्याची थंडी, विझवायला गावचेच स्वयंसेवक, आत वॉकर घेऊन चालणारी माणसे. ३२ जण गेले. पण त्याच इमारतीचा २००२ साली वाढवलेला भाग उभा राहिला. मध्ये आग अडवणारी भिंत होती आणि त्या नव्या भागात छताला पाण्याचे तुषार होते. जुन्या भागात नव्हते. त्यानंतर तिथल्या सरकारने अशा घरांना तुषार यंत्रणा सक्तीची करायचे ठरवले. मग लहान घरांची तीच ओरड सुरू झाली, मुदती वाढवाव्या लागल्या, आणि काहींनी दारे बंदही केली.

तुषार म्हटल्यावर तुम्हाला हरभऱ्यातला संच आठवेल. तत्त्व फार वेगळे नाही. छतातल्या पाइपाला तोट्या असतात. साधारण ६८ अंश उष्णता लागली की त्या ठिकाणची तोटी आपोआप फुटते आणि तिथेच पाणी पडते. सिनेमात दाखवतात तशा सगळ्या एकदम फुटत नाहीत. हल्लीच्या बहुतेक गावांत वर टाकी असते, पण तिचा दाब आणि साठा पुरेल का हे जाणकाराने मोजल्याशिवाय सांगता येत नाही, आणि मोटारीवर भिस्त ठेवावी तर थ्री फेज कधी असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

तेव्हा माझे मत असे. साठ-सत्तर खाटांची, दोन-तीन मजल्यांची, महिन्याला पैसे घेणारी जी घरे आहेत त्यांना कोडातली एकही सवलत देऊ नये. पैसे घेता, तर तुषारही लावा. लहान, दानावरच्या घरांना मात्र काही गोष्टींसाठी मुदत द्यावी. आणि काही गोष्टींसाठी एक रात्रीचीही मुदत देऊ नये. त्यांना पैसा लागतच नाही, किंवा लागला तरी किरकोळ.

पहिली म्हणजे ते कुलूप. आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी लावा. विसराळू आजोबांसाठी ती उंचावर बसवा आणि दाराला बैलाची घुंगरमाळ बांधा. दार हलले की मावशी जाग्या होतील. बॅटरीवरचा दाराचा भोंगाही मिळतो. गजांच्या खिडक्यांपैकी प्रत्येक खोलीतली एक तरी आतून उघडणारी करून घ्या, गावचा वेल्डर दिवसाचे काम करील. ज्यांना चालता येत नाही त्यांच्या खाटा तळमजल्यावर, दाराजवळ. हवा चांगली येते म्हणून गुडघे गेलेल्या बाईंना वर झोपवणे ही माया नव्हे. जिन्याखालची सिलिंडरे बाहेर काढा. आणि रात्री दोन माणसे हवीत, त्यातले एक जागे. दोन परवडत नाहीत असे म्हणणाऱ्याने बावीस माणसे ठेवू नयेत, दहा ठेवावीत. इथे मी कठोर वाटत असेन, वाटू द्या.

दुसरे, धुराचा भोंगा. बॅटरीवर चालतो, छताला अडकवायचा, धूर लागला की कर्कश ओरडतो. एका शेळीच्या किमतीत चार-पाच बसतात. दानशूर मंडळींना माझी विनंती आहे. तुम्ही वृद्धाश्रमाला पंखे देता आणि पंख्याच्या पात्यावर वडिलांचे नाव रंगवून घेता. यंदा पंख्याऐवजी भोंगे द्या. त्यावर नाव लिहायला जागा नसते, एवढी एक अडचण आहे खरी.

आणि मावशींना शिकवा. वायरमनकडून मेन स्विच कुठला ते दाखवून घ्या. विजेची आग असेल तर आधी तो पाडायचा, चालू विजेवर आणि तापल्या तेलावर पाणी मारायचे नाही. लाल नळकांडे कपाटामागून काढून दाराशी टांगा, दर महिन्याला काटा बघा. उचलता न येणाऱ्या माणसाला गादीसकट किंवा चादरीवर घेऊन डोक्याच्या बाजूने ओढत नेता येते, एकटी बाई ओढू शकते. पूर्वी आजारी माणसाला झोळीत घालून नदीपार नेणारे आपण, हे शिकायला काही फार लागणार नाही. प्रत्येकाला अंगणापर्यंत नेणे जमले नाही तरी पेटलेल्या खोलीतून पलीकडच्या खोलीत नेऊन मधले दार घट्ट लावले, फटीत ओला टॉवेल कोंबला, तरी बराच वेळ मिळतो. साधे लाकडी दार बंद असणे आणि उघडे असणे यात माणसाचा जीव असतो. हे सगळे दोन महिन्यांतून एकदा, घड्याळ लावून, करून बघा. एकदा रात्रीही बघा. पहिल्या वेळेला वीस मिनिटे लागतील आणि तुमची झोप उडेल. उडालेली बरी.

आता सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामसेवक भाऊसाहेब, तुमच्याकडे वळतो. २०२४ पासून भाऊसाहेबांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे, पण गावात भाऊसाहेबच चालते. वृद्धाश्रमाशी आपला संबंध काय, ती खासगी संस्था, असे उत्तर मला एका ग्रामपंचायतीत मिळाले. संबंध आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या ग्रामसूचीत आग विझवायला मदत करणे आणि आगीत जीवित व मालमत्तेचे रक्षण करणे हे पंचायतीचे काम म्हणून सांगितलेले आहे. घरपट्टीच्या नमुना आठला त्या बंगल्याची नोंद अजून 'निवासी' अशीच आहे का, बघा. पट्टी किती मिळते यासाठी नव्हे. आत कुटुंब नसून संस्था आहे हे दप्तरात एकदा आले म्हणजे पुढे अग्निशमन विभागाला, गटविकास अधिकाऱ्यांना पत्र लिहिता येते. आणि मासिक सभेच्या दिवशी दोन सदस्यांनी जाऊन नुसते दार ढकलून बघावे. त्याला शासन निर्णय लागत नाही.

पोलीस पाटलांकडे एक यादी हवी. आत किती माणसे, त्यातली चालणारी किती, आधाराने चालणारी किती, अंथरुणाला खिळलेली किती आणि ती कुठल्या खोलीत. दर महिन्याला नवी. रात्री गाव धावून गेले तर आत कितीजण राहिले हे कुणाला तरी ठाऊक असले पाहिजे. धावून जाणाऱ्यांचीही तयारी असू शकते. आपल्या गावातल्या द्राक्ष-डाळिंबवाल्यांकडे ट्रॅक्टरवरचे ब्लोअर आहेत. सहाशे लिटरची टाकी, दाबाचा पंप, लांब नळी. विजेची गरज नाही. वृद्धाश्रमाच्या सर्वांत जवळचे असे दोन ट्रॅक्टर कुणाचे, त्यांचे नंबर मावशींच्या उशाशी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. फवारणीच्या औषधाची टाकी आधी धुतलेली असावी, हे शेतकऱ्याला सांगायला नको. १०१ आणि ११२ हे नंबर लिहाच. त्यांनाही लगेच फोन करायचा, ते उशिरा येतील म्हणून टाळायचा नाही. आणि बंब आत वळेल एवढा रस्ता, फाट्यावर पाटी. आमच्या गंजीची आठवण आहे म्हणून सांगतो.

ज्यांनी आईवडिलांना अशा ठिकाणी ठेवले आहे, त्यांना मी उपदेश करणार नाही. प्रत्येकाच्या घरची अडचण वेगळी. भेटायला जाता तेव्हा जेवण कसे, डॉक्टर येतो का, हे विचारता. एकदा रात्री साडेनऊला, न कळवता जा. दार कुणी उघडले, किती वेळ लागला, एवढे बघून या.

आमच्या बाईंच्या आश्रमात काय झाले ते सांगतो. व्यवस्थापकांशी दोनदा बोललो, तिसऱ्यांदा भांडलो. सिलिंडरे बाहेर गेली. बाई खाली आल्या, हवा कमी येते म्हणून कुरकुरत आल्या. रात्री दुसरी बाई ठेवायचे ट्रस्टींच्या बैठकीत आहे म्हणे. कुलपाचे मात्र अजून अडले आहे. वेल्डर आला नाही तोवर तात्पुरते म्हणून किल्ली लाल फीत बांधून गेटशेजारी आतल्या खिळ्याला टांगली आहे.

परवा गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "रात्री दोनदा उठते मी. वॉकर घेऊन दारापर्यंत जाते, किल्ली हाताला लागते का बघते आणि मग झोपते."